तिसरं बटण

शेवटचा भाग रविवारी रात्री नऊला
आणि पाचव्या दिवशी येणारं पाणी
नेमकं त्याच रविवारी.
खुनी कोण याच्याशी पाण्याला काय करायचंय.
साडेसातलाच घागरी ओळीत लावल्या,
मोटारीची वायर खिडकीतून बाहेर सोडली,
अंबव्वाकाकूंना म्हटलं, नळ शिंकला की हाक मारा,
पण एकदम मारू नका,
आधी जाहिरात लागलीय का बघा.

तेरा आठवडे आख्खी गल्ली
त्या बंगल्यातल्या बाईच्या मरणामागं.
वडनाल मास्तर म्हणायचे, दीर.
त्यांची सून म्हणायची, नवराच, दुसरं कोण असतंय.
चहाच्या गाड्यावर शंभराच्या पैजा लागलेल्या.
मला विचारलं की मी म्हणायची, बघू की.
मी खाकी शर्ट बघत होते.

शर्ट आमचा.
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, पत्र्याखाली
शाळांच्या निळ्या चौकड्यांच्या ढिगात
मे महिन्यात आलेला एकच खाकी गठ्ठा. छत्तीस नग.
शेठ म्हणाले, शूटिंगला जायचेत, टाका नीट घाला.
म्हणजे पोरांच्या गणवेशाला कसाही चालतो.
बटणाचं मशीन बंद पडलेलं,
मी हातानं लावत होते, घाम पुसत, सुई पुसत.
पस्तीस झाले. छत्तिसाव्याच्या तिसऱ्या बटणाला
खाकी रीळ संपलं.
टेम्पो दारात हॉर्न मारतोय.
घेतला तपकिरी दोरा, घातली फुली.
कुणाला दिसणार होतं?

दुसऱ्याच भागात दिसलं.
इन्स्पेक्टर हुपरीकर प्रेतावर वाकले, कॅमेरा जवळ गेला
आणि छातीच्या मधोमध माझी फुली.
नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, कुठंय?
मग कुणालाच दाखवली नाही.

तेव्हापासून माझा तपास वेगळा.
कुठल्या भागात कुठला शर्ट,
धुतला कुणी, इस्त्री बटणावरून फिरवली का.
आठव्या भागात दोरा सुटल्यासारखा वाटला,
रात्रभर उशीशी बोटं चाळवत होते,
एक गाठ जास्त मारायला काय झालं होतं मला.

आणि काल,
गच्चीवर, रात्री, शेवटची दहा मिनिटं,
खुन्यानं मागं सरकत सरकत
हुपरीकरांचा शर्टच धरला मुठीत.
तोच शर्ट. तिथंच.
खोलीत सगळे ओरडले, सोड, सोड त्याला!
मी ओरडले, धर!
मास्तर वळून बघायला लागले माझ्याकडं.
कापड ताणलं, कॉलर वाकडी झाली,
वरचं बटण गेलं, टिकलीसारखं उडून गेलं,
ते मशीनचं असणार,
नाहीतर कुणी घाईत लावलेलं.
तिसरं हललं नाही.
हातकड्या पडल्या. कुणीतरी रडलं. बासरी वाजली.
हुपरीकरांनी जिन्यात थांबून एक मोठा श्वास घेतला
तेव्हा फुली वर आली, खाली गेली,
आणि माझ्या पोटात असं काही निवांत झालं
जसं दिवाळीच्या ऑर्डरी संपल्यावर होतं,
खांद्यापासून खाली.

नावं सरकत गेली. कपड्यांखाली एक नाव होतं, मुंबईचं.
असू दे.
सून शंभर जिंकली की हरली, काहीतरी भांडण चाललेलं.

तेवढ्यात नळ शिंकला, दोनदा,
आणि अंबव्वाकाकू बोळातून, अय्यो, येगं लवकर!
मी पाइप घागरीत सोडला, मोटार घुमायला लागली.
पदर कमरेला खोचत काकूंनी विचारलं,
मग? कोण निघालं?

मी तोंड उघडलं.
मूठ आठवत होती, मुठीतलं कापड,
तोंडच बघितलं नव्हतं मी.
थांबा, म्हटलं, ही घागर भरू दे,
वडनालांच्या सुनेला विचारून सांगते.