बहात्तर ओळींचं पान

लाइन साडेतीनला येते, पाचला जाते.
तेवढ्यात चारशे बारा नावं कागदावर उतरवायचीत.
तेंदूचा हंगाम संपला, बोद भरून ट्रक गेले,
आता कुणी किती पुडे दिले
ते समाजमंदिराच्या भिंतीवर लागलं पाहिजे,
असा ग्रामसभेचा ठराव.

कुरखेड्याहून आणलेला खोका फोडते.
कागदाला दोन्ही कडांनी भोकं,
घडीघडीवर टाचणीनं टोचल्यासारखी रेघ.
इथं फाडा, म्हणते ती.

मागच्या वर्षी मी नवी होते.
मशीनला वाटलं, कागद अकरा इंची, सहासष्ट ओळींचा.
कागद होता बारा इंची.
त्याला कुणी विचारलंच नाही.
पहिलं पान नीट बसलं म्हणून मी चहाला गेले.
दर पानाला सहा ओळी चुकत चुकत
तिसऱ्यापासून घडी नावांवरून जायला लागली,
आणि दसरूकाकांनी रेघ सांगेल तिथं
अगदी इमानदारीनं सगळं फाडलं.

मुरी उसेंडी अशी फाटली:
मात्रा, अनुस्वार, दोन्ही वेलांट्या वरच्या कागदावर,
मु-चा उकार खाली.
मशीन उकारालाही एक अक्षर धरते,
त्यानं तिची ओळ लांबली, आकडा पुढच्या ओळीत पडला
आणि तिचे नऊशे चाळीस पुडे
रामसू पदाच्या डोक्यावर जाऊन बसले.
प्रत्येक पानाच्या माथ्यावर मात्र, ऐटीत,
फाइलचं नाव: यादी नवी खरी शेवटची.

पैसे तिला मिळाले, तीन बैठकांनंतर.

यंदा काळ्या पडद्यासमोर बसते.
पांढरं टिंब लुकलुकतं, वाट पाहत.
आधी टॅब काढून साध्या मोकळ्या जागा.
मग तो दोन अक्षरांचा हुकूम, पी आर.
लांबी बहात्तर.
डावीकडे आठ घरं सोड, तिथं खिळा ठोकायचाय.
माथ्यावर गावाचं नाव आणि साल, बाकी काही नको.
वर पाच ओळी, खाली पाच, त्या नावांच्या नाहीत;
राहिल्या बासष्ट.
सहा पानं भरून सातव्यावर चाळीस.
मात्रा मात्र मला हातानंच मोजाव्या लागतात,
उसेंडीपुढे चार जागा कमी, कुमोटीपुढे तीन,
ते मशीनला अजून कळत नाही.

पायरीवर मुरी येऊन बसली. कधी, ते कळलं नाही.
"किती ओळीचं पान हाय वो तुमचं?"
"बहात्तरचं."
"आमचा पुडा सत्तरचा.
मुन्शी दोन पानं वर मागे, तसंच का हे?"
हसली. मग न हसता,
"फाटकं पान पुड्यात चालत नाही, बाई.
मले ठाऊक हाय, मी बाजूला काढतो ना."

मी काही बोलले नाही.
कागदाची कड दातऱ्यांवर बसवली,
घडी नेमकी छपाईच्या पट्टीशी आणली,
अर्धी ओळही इकडे तिकडे नाही,
आणि एंटर दाबलं.
टर्रर्र करत पहिलं पान बाहेर आलं.
या वेळी चहाला गेले नाही.
दुसरं. तिसरं. तिसऱ्याला श्वास धरला.
घडी कोऱ्या जागेतून गेली.

सातव्या पानावर, एकतिसाव्या नावाला,
पाचला सात मिनिटं कमी असताना, लाइन गेली.
उरलेली नऊ नावं मी निळ्या पेनानं लिहिली.
माझ्या उकारानं कुणाची जागा खाल्ली नाही.

दसरूकाकांनी या वर्षी मला विचारून फाडलं.
मुरीनं विचारलं, मी कुठं?
चौथं पान, मधे, घडीपासून लांब.
तिनं बोट ठेवलं, तिथून आडवं
आकड्यापर्यंत सरकवत नेलं.
बोटाला अजून तेंदूचा काळपट डाग.
ओळ थोडी मळली.
मी ती पुन्हा छापली नाही.