माया

योझेफवारोशच्या एका गल्लीत, चार पायऱ्या उतरून खाली,
वेरोन्काचं दुकान आहे. काचेवर
अर्धी खरवडलेली सोनेरी अक्षरं:
डोळे उचलून मिळतील.

घाबरू नका. विणीच्या टाक्याला
हंगेरियनमध्ये डोळाच म्हणतात.
नायलॉनच्या मोज्याचा एक डोळा निसटला
की घोट्यापासून गुडघ्यापर्यंत शिडी लागायची,
आणि बायका ट्रामने यायच्या,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला एकच मोजा पर्समध्ये घेऊन.
दिव्याखाली, आकडीच्या सुईने, वेरोन्का
एकेक डोळा उचलून वरच्यात अडकवायची.
आता मोजा फाटला की फेकतात.
आता सुईचं नेढंही तिला दिसत नाही,
शेजारचा मुलगा सकाळी वीस सुया ओवून जातो.

बोर्का आली ती दोन कोट घेऊन.
लिफ्ट दुरुस्त करते ती. सिगरेट सोडल्यापासून
कंबरेत वाढलीय, आणि त्याबद्दल
तिला कुणाचं काही ऐकून घ्यायचं नाही.

पहिला कोट गेल्या वर्षीचा, सेलमधला.
वेरोन्काने तो उलटा केला, शिवण अंगठ्याने चाचपली.
मशीनच्या टाक्यापर्यंत कातरलेलं कापड,
तांदळाच्या दाण्याएवढीही कड नाही.
"ह्याला काही करता येणार नाही," ती म्हणाली,
"ह्यात कुणी काही सोडलंच नाही."

दुसरा एचेरीच्या जुन्या बाजारातला,
बाटलीसारखा हिरवा, ऊन खाऊन शेवाळी झालेला.
अस्तर उसवलं. आत
दोन्ही बगलांच्या शिवणींत तीन-तीन बोटं कापड
हाताने, तिरप्या टाक्यांनी, दुमडून ठेवलेलं.
शेजारी जुन्या शिवणीची बारीक भोकं,
म्हणजे मधे कुणीतरी एकदा आवळला होता.
कॉलरखाली चिठ्ठी: सेगेद, १९६१.

म्हणजे तिथल्या कुठल्याशा शिंप्याने
गिऱ्हाइकाला टेप लावली, आकडा लिहून घेतला,
आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही.
ही बाई बदलेल, असं धरून चालला.
जाडावेल, वाळेल, पोट येईल, पोट जाईल,
कधीतरी मरेल, आणि कोट मरणार नाही.

ह्या कापडाला त्यांच्याकडे काय म्हणतात
मी विचारलं नाही. आपल्याकडे शिंपी
मशीनवरून मान वर न करता सांगतो:
माया सोडलीय आत. पुढे लागेल.

जुनं सगळंच परत यावं असं नाही.
कॉर्सेट राहू द्या संग्रहालयाच्या कपाटात.
कोल्ह्याचं मुंडकं गळ्यात घालून
ऑपेराला जायची रीत, तीही गेली ते बरं झालं.
पण हातमोज्याचं मनगटावरचं ते मोत्याचं बटण,
जे एकट्याने लागत नाही,
कुणाला तरी हात पुढे करावा लागतो,
ते यावं. हॅट यावी,
निदान ओळखीचं कुणी दिसल्यावर उचलायला.
बायकांच्या कपड्यांना खिसे यावेत, मूठ मावेल असे,
बोर्काचा तर पाना मावेल असे,
नुसती शिवून टाकलेली फट नको.
आणि हे तीन बोटं कापड.

कोट शनिवारी तयार झाला.
दोन्ही बाजूंना, काखेपासून खालपर्यंत,
एकेक गर्द हिरवी पट्टी,
साठ वर्षं ऊन न लागलेली.
बोर्का आरशात बराच वेळ बघत राहिली. वेरोन्का म्हणाली,
"हवं तर रंगवून एकसारखा करता येईल."
"नको."

ट्रामच्या थांब्यावर नाकात रिंग घातलेल्या एका पोराने
कोटाकडे बघत विचारलं, कुठल्या कंपनीचा?
ह्या वर्षी अशाच पट्ट्या आहेत का?
बोर्काने खांदे उडवले.
खिशात हात घातला, सवयीने सिगरेट शोधली,
मग आतून शिवणीवर बोट फिरवलं.
दोनच बोटं उसवली होती वेरोन्काने.
एक अजून आत होतं.