रिकामा ताबा

वकिलाच्या पत्रात शेवटून दुसरं वाक्य होतं:
जागा पूर्ण रिकामी करून ताबा देण्यात येईल.
किटली उकळेपर्यंत मी ते तीनदा वाचलं.

रिकामं करणं म्हणजे काय, ते ठाऊक होतं मला.
त्याच मार्चमध्ये इदवलनं आणि मी
आईचा बंगला रिकामा केला होता:
पडद्यांचे हुक, औषधांच्या बाटल्या,
बिस्किटांच्या डब्यात साठलेली सगळ्या वर्षांची बटणं,
आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा,
ज्या उचलून नेता येत नाहीत म्हणून
ब्रिस्टलच्या त्या जोडप्याला तशाच दिल्या.
रंग दिला असेल त्यांनी एव्हाना.

इदवलच्या वाट्यातून कॅम्परव्हॅन आली.
माझ्या वाट्यातून रॅडनरच्या डोंगरात पावणेचार एकर.
वर ओक आणि हेझलचं रान, खाली उतरतं कुरण,
मध्ये एक झरा, नकाशात आहे, ऑगस्टमध्ये नसतो.
चतुःसीमा येणेप्रमाणे:
पूर्वेस प्रॉसरची मेंढरं,
पश्चिमेस रस्ता, त्याला रस्ता म्हणायचं असेल तर,
उत्तरेस सरकारी पाइनच्या रांगा,
दक्षिणेस दलदलीचा तुकडा, ज्याचा मालक सापडत नाही.
जमिनीखालचं खनिज कुण्या उमरावाच्या इस्टेटीकडे राखून.
म्हणजे माझी मालकी किती खोल, हे कुठंच लिहिलेलं नाही.
फावड्याच्या पात्याइतकी, असं मी धरून चालते.

फाटकाशी प्रॉसर म्हणाला, काय पिकवणार, नेरिस?
काही नाही, म्हटलं.
त्याच्या तिन्ही पोरांना मी शाळेच्या बसमधून नेलं-आणलं,
आणि तोंड न उघडता एवढा वेळ थांबलेला
मी त्याला कधी पाहिला नव्हता.
शेवटी म्हणाला, जमेल तुला.

नाही जमलं लगेच.
काही न पिकवायलाही कंबर मोडते.
गवत कापायचं, दातळ्यानं ओढायचं, बाहेर न्यायचं,
माती गरीब होत जायला हवी, म्हणजे फुलं येतात.
जन्मभर मी उलटंच ऐकत आले होते.
मग सप्टेंबरात माती ओरबाडून पिवळा खुळखुळा पेरला,
ते अर्धं बांडगूळ; गवताच्या मुळाला तोंड लावतं,
गवत दमतं, जरा सरकून बसतं.
तिसऱ्या जूनमध्ये वाळल्या शेंगा पायाशी वाजल्या
आणि मी एकटीच मोठ्यानं हसले.

पण ताब्याचं सांगत होते.
किल्ली मिळाली त्या दिवशी जागा मुळीच रिकामी नव्हती.
बॅजरची वाट कुरणातून तिरकी गेलेली, फाटकाखालून,
खरेदीखतापेक्षा जुनी, पोटांनी घासून गुळगुळीत.
ओकच्या ढोलीत कुणीतरी घोरत होतं.
आणि पानांच्या थरात एक हेझलनट:
भोक गोल, कडा आतून पॉलिश केल्यासारखी.
डॉर्माउस. अंगठ्याएवढा प्राणी,
वर्षातले सहा महिने झोपणारा,
त्यानं जागा सोडल्याचा कागद कुणी आणावा?
ते कवच मी बटणांच्या डब्यात ठेवलं.

इदवल आला गेल्या जुलैत, कापणीच्या आधी.
करारात कॅरॅव्हॅनला बंदी, म्हणून गाडी रस्त्यातच लावून.
इथे तू करतेस काय, नेरिस?
बसते.
त्यानं गुडघ्यांची कुरकुर ऐकत बसून पाहिलं.
पाइनवरून ऊन गेलं. प्रॉसरचा कुत्रा भुंकायचा थांबला.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
चौकटीवर माझी शेवटची खूण किती उंच होती गं?
आठव्या वर्षाची. नंतर बाबा गेले, कुणी मोजलं नाही.

मी उठले, गवतात शिरले,
हात आडवा धरला बरगडीच्या जरा खाली.
एक-दोन तुरे पार वर गेले होते,
बाकीचे तळव्याला लागत होते.

तो बघत राहिला. मीही हात काढला नाही.
मग चिलटं चावायला लागली,
आणि आम्ही फाटकाकडे निघालो.