शिळं पाणी

पाण्यात पावडर टाकणारा माणूस मी.
चौदा वर्षं झाली,
अमळनेरच्या त्या जलकुंभाचा गंजका व्हॉल्व्ह
माझ्या बोटांना ओळखतो.
अडीच आटे फिरवले की गांधलीपुऱ्यात हंडे खडबडतात,
अजून दोन, की पैलाडला.
हाताला कायम तोच वास.
बायको म्हणते, कांदा चिरला तरी जात नाही.

पोरीला मासा हवा होता.
गोल भांड्यातला,
कुणाच्या तरी वाढदिवसाला पाहिलेला.

याकूब पिंजाऱ्याचं दुकान स्टँडच्या मागे.
त्याच्या बापाच्या काळी तिथं कापूस पिंजायचे;
अजून पंखा लावला
की माळ्यावरून एखादा पुंजका उतरतो
आणि माशांच्या पाण्यावर बसतो.
गोल भांडं तो विकत नाही.
"त्यामा शेंगदाना भरी ठेव," म्हणाला,
"मासाले फिराले जागा नको का, भाऊ?"
गादीच्या कापडाचा जुना लोखंडी गज काढून
त्यानं काच मोजली.
"उंच नको, लांब घे.
पाण्याचं तोंड जेवढं मोठं, तेवढा त्याला श्वास.
अडीच फुटांत दोन गोल्डफिश.
तिसरा मागायला आलास तर मी तुला ओळखत नाही.
आणि तीन आठवडे टाकी नुसती चालव."
नुसती?
"हां. पाण्याला पाणी व्हायला वेळ लागतो."

मला पाणी शिकवतो हा!
मी मान हलवली, मासे त्याच दिवशी घेतले.

त्या आठवड्यात वॉर्डात हगवण होती,
साहेबांनी पावडर वाढवायला सांगितली होती,
मीच वाढवली होती.
नवव्या दिवशी नळ आला,
सगळ्या गल्लीनं साठवणीचं शिळं पाणी गटारीत ओतलं
आणि ताजं भरून घेतलं.
मीही भरलं. काठोकाठ. काच कशी लखलखली!

संध्याकाळी दोघं वर आले,
तोंडं पाण्याबाहेर काढून
हवा चावू लागले.
पहाटे एक आडवा. चहाच्या वेळी दुसरा.

पोरगी रडली नाही.
तिनं माझा तळहात उचलला,
नाकाशी नेला,
आणि होता तिथं परत ठेवला.

याकूब काही बोलला नाही, म्हणजे बराच बोलला.
ड्रमात दोन दिवस पाणी उघडं ठेव, वर फडकं बांध.
आठवड्याला चौथा हिस्सा बदल, सगळं कधीच नाही.
स्पंज नळाखाली धुवायचा नाही,
टाकीतल्याच काढलेल्या गढूळ पाण्यात पिळायचा,
कारण साफ करणारे त्यातच राहतात,
डोळ्यांना न दिसणारे.
"तुझ्याच खात्याचे समज," म्हणाला,
"फक्त बिनपगारी.
तुझी पावडर आधी त्यांनाच खाते."

आता मागच्या दारी निळा ड्रम आहे.
नळाच्या दिवशी गल्ली शिळं ओतते
तेव्हा आमचं शिळं
फडक्याखाली शांत बसून असतं.
पोरगी त्यात घामेजला हात घालू देत नाही कुणाला.

मे लागलाय. पत्र्याला हात लावला तर फोड येईल.
फ्रीजमध्ये पाण्याची एक बाटली गोठवून ठेवलीय,
टाकीत तरंगवायला.
वीज जाते तेव्हा पंप गप्प होतो;
मग पोरगी डाव घेते,
टाकीतलं पाणी उचलते, उंचावरून परत सोडते,
उचलते, सोडते.
अहो, आत कुणी नाही अजून.
सवय असू द्यावी, म्हणते.
चिमूटभर खाणंही टाकते रोज,
याकूबनं सांगितलंय म्हणून,
त्या न दिसणाऱ्यांना.

आज सतरावा दिवस.
रात्रपाळीहून आलो, साबणानं दोनदा हात धुतले,
तरी काचेपासून हातभर लांबच बसलो.
आज पावडर मोजून टाकली,
जेवढी टाकायची तेवढीच; माणसांना जगायचंय.
ती नाक काचेला चिकटवून उभी.
"पप्पा, झालं का पाणी?"

अर्ध्या गावाला पाणी सोडून आलेला मी
टाकीत बघतो,
आणि म्हणतो,
"अजून नाही."