थकबाकी

एकतीस वर्षं मी या गावातले मीटर वाचले.
मंडूरच्या वाड्यांवर मला सुबराय म्हणून कोण ओळखतं?
"बिलवालो आयलो," एवढंच,
की आतला पंखा बंद होई
आणि कुत्रं सोडल्यासारखं केलं जाई.

निवृत्तीच्या पैशांतून पंप घेतला.
तळ्याखालचे सासऱ्याचे दोन कुणगे, रानगवताने भरलेले,
वायंगणाला साफ केले, वाफे ओढले:
तांबडी भाजी, मुळा, नवलकोल,
मेरेला अळसांदे, कडेला मिरची.
बायको म्हणाली, हे हात पेन धरणारे.
तारल्यांचं खत घातलं तेव्हा तर
पंधरा दिवस माझं ताट पडवीत वाढलं तिने.

पहिले कोंब मोरांनी खाल्ले.
पिसारा फुलवून वाफ्याच्या मध्यावर उभा,
चोचीत माझा मुळा,
मी ओरडलो तर तोही माझ्यावर ओरडला.
मग माळ्यावरची जुनी कोरी बिलं काढली,
दोरीला बांधली एकेक. वाऱ्यावर फडफडायची.
थकबाकी हा शब्द मोरालाही वाचता येत असावा.

भाजी आली, आणि खरी पंचाईत तेव्हा झाली.
आमच्याकडे भाजी कुंपणावरून देतात,
विकायची ती पणजीच्या बाजारात, अनोळखी माणसाला.
इनासिनाबायने बावीस वर्षं नीरफणस दिला,
मुलीच्या बाळंतपणात शेवग्याचा पाला,
तिला जुडीचे वीस रुपये सांगायचे कुठल्या तोंडाने?
तिच्या फाटकाशी उभा राहिलो,
जुडी पाठीमागे लपवून, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.
"लाइट कापायला आलास?" ती म्हणाली.
मी जुडी पुढे केली.
तिने मुळं पाहिली, पानं उलटी करून पाहिली,
माती झटकली ती नेमकी माझ्या पायांवर,
आणि आत जाऊन आणली
डब्यातल्या तांदळाचा वास लागलेली, चार घड्यांची वीसची नोट.
"घे. फुकट दिलीस तर
उद्या परत मागायची मला लाज वाटेल."

मी नोट घेतली.
संध्याकाळी तिच्याकडून नीरफणस आला,
त्याचे पैसे तिने घेतले नाहीत.
हा हिशेब कसा मांडायचा, बायकोलाही कळेना.
कॅलेंडरच्या मागे तिने फक्त फणसाचं चित्र काढून ठेवलं.

आता पोदेराचा भोंपू वाजून गेला की पाठोपाठ मी.
पाय जुन्याच वाटेने जातात, मीटरच्या क्रमाने.
हळर्णकरांकडे दोन जुड्या, मुळा नको, मास्तरांना ढेकर येतात.
चॅपलमागच्या भाडेकरू नर्सना कोथिंबीर, तीही उधार.
शेवटी मार्तिर फुर्तादो.

त्याचं घर मला आकड्यांवरून ठाऊक.
बायको गेली त्या वर्षापासून महिन्याला अकरा युनिट,
कधी नऊ.
एक दिवा, तोही लवकर मालवलेला.
आकडा लिहून घ्यायचा आणि निघायचं, हे माझं काम होतं.
एवढी वर्षं मी फक्त आकडा लिहिला.

तो दर दोन दिवसांनी एक जुडी घेतो,
माझ्यावर उपकार केल्यासारखी.
शिजवतो की कोंबड्यांना टाकतो, मी विचारलं नाही.
काल मात्र कठड्याला टेकून म्हणाला,
"वांगी नाहीत का रे?
आगशीच्या जातीची, मोठी, भाजायची."
रोपं आहेत, म्हटलं, पण महिना जाईल.
"महिना," तो म्हणाला. बोटांवर काहीतरी मोजलं.
"थांबतो."

वर नजर गेली, सवयीने.
जुन्या मीटरची चकती फिरत होती,
आतून कांदा परतल्याचा वास येत होता.
आकडा वाचला नाही मी.

त्याच्याकडे सुटे नव्हते, दोन रुपये राहिले.
"थकबाकी," तो म्हणाला,
आणि हसला असावा.
दात नाहीत त्याला, नक्की सांगता येत नाही.