पाच वीसची गाडी

जूनमध्ये प्राचार्यांनी यादी वाचली.
परीक्षा, प्रवेश, शिस्त,
आणि शेवटी, चष्मा पुसता पुसता,
"सांस्कृतिक... घ्या ना मॅडम तुम्ही."
मी भूगोल शिकवते.
नाटकातलं मला एवढंच कळतं
की पडदा उघडला की आपण खोकणं थांबवायचं.

उखा आप्पांनी कपाट उघडून दिलं.
आत फुटका तबला, तीन दाढ्या, एक जिरेटोप
आणि आधीच्या बाईंची वही.
'उपक्रम यशस्वीरीत्या पार पडला.'
अकरा वर्षं तेच वाक्य,
शाई तेवढी बदललेली.

मीही रकाने आखले.
सराव : रोज साडेचार ते सात.
फलकाखाली मुली थांबल्या, वाचलं,
आणि काही न बोलता पांगल्या.
नवली बारेला तेवढी उभी.
"मॅडम, सत्रासेनची गाडी पाच वीसला आहे."
आणि त्यानंतर?
"त्यानंतर उद्या."

दुसऱ्या दिवशी चोपडा स्टँडवर जाऊन
भिंतीवरचं वेळापत्रक वहीत उतरवून घेतलं.
भूगोलाच्या बाईला हे तरी जमतं.
अडावद पाच दहा,
लासूरमार्गे सत्रासेन पाच वीस,
धानोरा साडेपाच, आली तर.
सरावाला उरला अर्धा तास.
त्यात हजेरी, त्यात पाणी पिणं,
त्यात निलांबरीचं रुसणं.

नाटक पोरांनीच लिहिलं.
कोर्टात निंबाच्या झाडाची साक्ष.
नोव्हेंबरात न्यायाधीश आठ दिवस गायब,
कापूस वेचायला गेलेला.
परत आला तो बोटांना चिरा घेऊन,
निकालाचा कागद धरताना कळवळायचा.
ते मी तसंच ठेवलं.

निंब म्हणजे नवली.
तिला वाक्यं सात, आणि सातवं रोज विसरायची.
"गाडीत करते मी पाठ," म्हणायची.
मला वाटायचं, खिडकीशी बसून
मनातल्या मनात करत असेल.

जानेवारी. जळगाव.
आमचा नंबर चौदावा, जेवणानंतरचा.
भरीत-पुरी जेवलेले परीक्षक
डोळे उघडे ठेवण्याची पराकाष्ठा करत होते.
सहा वाक्यं झाली.
सातवं आलंच नाही.
निंब उभा. हातांच्या फांद्या थरथरताहेत.
मी विंगेत वही धरून ओठ हलवतेय
आणि माझाच आवाज फुटत नाही.

तेवढ्यात प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतून,
"पुढे सरका" म्हणावं तशा घोगऱ्या गळ्यानं :
"माझ्या सावलीचा हिशेब कुणाच्या वहीत आहे?"

भाईदास कोळी. वाहक.
रजा टाकून आलेला, तरी अंगावर खाकीच.
नवलीनं तिकडे पाहिलं, आणि हसली.
झाडानं हसायचं नसतं.
मग वाक्य म्हणाली,
असं, की पहिल्या रांगेतल्या परीक्षकांनी
पेन खाली ठेवलं.

नंतर उचललं, आणि गुण कापले.
बरोबरच आहे. नियम आठवा :
बाहेरून मदत घेऊ नये.

चहाच्या टपरीवर मी भाईदासला विचारलं.
"चार महिना व्हयनात मॅडम, रोज ऐकस मी.
चढले गाडी हळू व्हस ना,
तठेच हाई वाक्य येस.
आमना डायवरले तर न्यायाधीश पाठ शे."
चहाचे पैसे त्यानं देऊ दिले नाहीत.
सुट्टे नव्हते माझ्याकडे, आणि त्याच्याकडे,
अर्थातच, होते.

मार्चमध्ये अहवाल लिहायला बसले.
'उपक्रम यशस्वी' इथवर लिहिलं
आणि खोडलं.
आमचा नंबर आला नाही.
नवलीच्या बापानं जळगाव पहिल्यांदा पाहिलं.
न्यायाधीशाची बोटं भरून आली.
यातलं अहवालात काय घालायचं असतं
हे आधीच्या बाईंना विचारायला हवं होतं.

शेवटी पुढल्या वर्षाचं नियोजन तेवढं लिहिलं.
सराव : साडेचार ते पाच, खोली क्रमांक नऊ.
उरलेला सराव : गाडीत.
मार्गदर्शक या रकान्यात माझं नाव,
आणि खाली जागा होती म्हणून त्याचं.

प्राचार्य विचारतील,
हे कोळी सर कोणत्या विभागाचे?
सांगेन, चोपडा आगार.