दार उघडं ठेवायचं असतं

लक्ष्मीपूजनाला दार उघडं ठेवायचं असतं.
आई म्हणते, लक्ष्मी काही बेल वाजवत नाही.

बेलचा सेल तर मी कालच काढून ठेवलाय.

गेल्या वर्षी दार उघडंच होतं.
समोरच्या बिल्डिंगखाली दहा हजारांची माळ लागली
आणि खारी पूजेच्या ताटावरून, आईच्या पायांतून,
तीन जिने, गेट, नव्वद फुटी रस्ता…
लक्ष्मी यायच्या वाटेने
आमच्यातली एक निघून गेली.

सापडली भाऊबीजेला, विद्याविहारला,
सुकट विकणाऱ्या हौसाक्कांच्या टोपलीमागे.
पंजे सोललेले. गळ्यात पट्टा,
पट्ट्यावरचा नंबर झिजून नुसता सत्त्याण्णव उरलेला.
हौसाक्का म्हणाल्या, नाव ठाऊक न्हाई, बाय म्हणत व्हते.
मी त्यांच्या हातावर ओवाळणी ठेवली.
त्यांनी मोजली आणि निम्मी परत केली:
दोनच दिवस खाल्लंय तिनं.

यंदा पट्टा नवा. नंबर दोनदा लिहिलाय,
बाहेरून आणि आतून.
पणत्या खिडकीत, शेपटी पोचणार नाही इतक्या वर.
करंजीत बेदाणे नाहीत.
मग ती करंजी कसली, आई म्हणाली.
कुत्र्याला बेदाणा चालत नाही, आई.
मग तिला देऊ नकोस.
मी कुठे देते? तूच देतेस, टेबलाखालून.
आई बराच वेळ झारा पुसत राहिली.

दाराचा निकालही तिनेच लावला.
देवघरातला पाट आणला, उंबऱ्यात आडवा उभा केला,
आणि मागे खुर्ची टाकून स्वतः बसली,
दुखरा गुडघा लांब करून.
लक्ष्मीला ओलांडता येतो, म्हणाली,
हिला नाही.

मी आणि खारी बाथरूममध्ये.
बादल्या बाहेर, सतरंजी आत,
शाफ्टच्या खिडकीला गोधडी ठोकलेली.
बाहेर वॉशिंग मशीन रिकामंच फिरतंय,
कारण त्याची घरघर तिला घरातली वाटते.
सगळ्या पंतनगरात आज हीच एक खोली अंधारी असेल.

सुतळी बॉम्ब फुटतो
तेव्हा आधी तिचे कान ऐकतात, मग बरगड्या,
मग बरगड्यांतून माझी मांडी.
भिऊ नकोस असं मी म्हणत नाही.
मलाही ते कुणी म्हटल्याने
आजवर कधी उपयोग झालेला नाही.
नुसता हात ठेवते. हात जड ठेवते.
दाराच्या फटीतून उदबत्ती येते,
आईची आरती येते, एका कडव्यावर अडखळलेली,
मग एक वाटी सरकत येते: लाह्या, बत्तासे,
आणि चिमूटभर वेगळा, बिनमिठाचा भात.

दोन वाजता सगळं थांबलं.
तरी दोन पट्टे लावले, एक गळ्याला, एक छातीला,
दोन्ही दोऱ्या मनगटाला गुंडाळल्या
आणि तिला उचलून पाटावरून बाहेर काढलं.

खाली रस्ताभर लाल कागदाचा चिखल.
दारूचा वास, हवेला अजून ताप.
खारीने एक विझलेलं भुईचक्र हुंगलं,
मग तिसऱ्या नंबरच्या खांबाशी
दहा तास धरून ठेवलेलं सोडलं.
मला इतकं हायसं वाटलं की हसू आलं.

टेम्पोखाली भुऱ्या होता.
त्याला ना बाथरूम, ना मशीनची घरघर.
एका डोळ्याने आमच्याकडे बघितलं, बाहेर आला नाही.
खिशातला भात त्याच्यापुढे ठेवला.
आम्ही असेपर्यंत त्याने खाल्ला नाही.
त्याचं पुढच्या वर्षी काय करायचं
ते मला अजून सुचलेलं नाही.

वर आलो. दार सताड उघडं,
पाट तसाच, समई मंद,
आई खुर्चीत मान टाकून झोपलेली.
आधी तिला पलीकडे ठेवलं, मग मी ओलांडला.
तिची नखं फरशीवर वाजली, टिक टिक टिक,
थेट टेबलाखाली.

आईने डोळे न उघडताच विचारलं,
आली का गं?

आली, मी म्हटलं,
आणि दार लावून घेतलं.